एका शर्टाचे दोन भाव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत निर्यातीतून उरलेले शर्ट ढिगाने विकायला येतात. एखाद्याच्या कॉलरला डॉलरमधल्या किमतीचा पुठ्ठा तसाच लटकत असतो. विक्रेता त्याच्या पाव भावही सांगत नाही, तरी गिऱ्हाईक घासाघीस करते. माल कधी बटण तुटलेला असतो, हे खरे. पण एवढी तफावत बटणाची नव्हे.

रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. एवढ्या लांबच्या वाटेत खर्च आणि नासाडी इतकी होई, की इथल्या आणि तिथल्या भावाचा फारसा मेळ नसे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी वऱ्हाडातल्या जलंब–खामगाव रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली. त्यानंतर खामगावचा भाव इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या कापूस बाजारातल्या भावातून वाहतूक आणि दलाली वजा करून निघू लागला. ‘भाव आपल्या हातात नाही’ ही कास्तकाराची तक्रार तेव्हापासूनची आहे.

कापडाच्या भावात मात्र सरकारही शिरले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवताना, मँचेस्टरच्या गिरण्यांना तोटा नको म्हणून, देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच अबकारी शुल्क बसवले गेले.

चलनांच्या क्रयशक्तीची, म्हणजे कोणत्या चलनात किती माल येतो याची, तुलना अर्थतज्ज्ञ गुस्ताव कॅसेल यांनी १९१८ मध्ये मांडली. पण विनिमय दराने हिशेब केला तरी भाव जुळत नाहीत, याचा उलगडा बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे केला. ज्या देशात कारखान्यातला कामगार तासाला जास्त माल काढतो, तिथे मजुरी चढते. मग न्हाव्यालाही तेवढेच द्यावे लागते, नाहीतर तोही कारखान्याची वाट धरेल. त्याची कात्री काही घाटंजीच्या न्हाव्याच्या कात्रीहून जलद चालत नाही. शिवाय दाढी-कटिंग रुईच्या गाठीसारखी जहाजात भरता येत नाही, त्यामुळे हा फरक मिटत नाही.

पुठ्ठ्यावरच्या डॉलरांत रुईचा वाटा थोडाच असतो. बाकीच्यात तिकडच्या दुकानाचे भाडे, विक्रेतीचा पगार, जाहिरात, आणि गिऱ्हाईक किती देऊ शकेल याचा कंपनीने बांधलेला अंदाज असतो. इथल्या विक्रेत्याकडे पालाच्या दोऱ्या आणि बाजारकराची पावती, एवढाच खर्च.