ओतीव शिशाची गोळी किती कठीण असावी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मोठ्या कॅलिबरच्या रायफलींसाठी घरी शिशाच्या गोळ्या ओतून काडतुसे भरणाऱ्यांमध्ये मिश्रधातूच्या कठीणपणावरून आजही तीव्र मतभेद आहेत. त्यांचे मूळ १९व्या शतकाच्या अखेरीस बंदुकीच्या दारूत झालेल्या बदलात सापडते.

अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या .४५-७० काडतुसात ७० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) काळ्या दारूपुढे ४०५ ग्रेनची शिशाची गोळी असे. त्याच दशकात बायसनच्या शिकारीवर पोट भरणारे लोक साचा, शिसे आणि दारू सोबत बाळगत आणि तळावरच रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत. त्या काळी शिशाच्या सोळा ते तीस भागांना कथील एक भाग, असे मऊ मिश्रण चालत असे. काळी दारू एकदम पेट घेते, त्यामुळे मऊ गोळीचे बूड फुगून नळीच्या आतील पिळदार खाचांत घट्ट बसते. गोळी किंचित बारीक असली तरी निभावून जात असे.

१८८६ मध्ये फ्रान्सने धूरविरहित दारूची लष्करी रायफल स्वीकारली. वाढलेल्या वेगाला उघडे शिसे पुरेना, आणि लष्करांत धातूचे आवरण असलेली गोळी रूढ झाली. ओतीव गोळी हौशी नेमबाजांकडे उरली. बुडाला तांब्याची टोपी बसवण्याची युक्ती, म्हणजेच गॅस चेक, २०व्या शतकाच्या सुरुवातीस आली.

पुढे छापखान्यांत अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राचा धातू हाती आला. त्यात सुमारे १२ टक्के अँटिमनी (शिसे कठीण करणारे मूलद्रव्य) आणि ४ टक्के कथील असते; शुद्ध शिशाचा ब्रिनेल आकडा, म्हणजे कठीणपणाचे माप, पाचच्या आसपास, तर याचा बावीसच्या आसपास भरतो. साच्याचा कानाकोपरा तो स्वच्छ भरतो, आणि गोळ्या वंगणाच्या खाचांच्या कडांसह रेखीव निघतात. १९७०-८० च्या दशकांत छापखाने हे तंत्र सोडू लागले तसा हा धातू मोडीत मिळू लागला, आणि ‘जितकी कठीण तितकी चांगली’ ही समजूत पक्की झाली.

या समजुतीला एका सूत्राने शास्त्राचा मुलामा दिला. ब्रिनेल आकड्याला १,४२२ ने गुणले की त्या गोळीला मानवणारा दाब दर चौरस इंचाला पौंडांत मिळतो, असे ते सूत्र सांगते. वास्तविक १,४२२ हा किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटर या मापाचे पौंडांत रूपांतर करणारा गुणक आहे, त्याहून अधिक काही नाही. ब्रिनेल चाचणीत कठीण चेंडू दाबून उमटलेल्या खळग्यावरून कठीणपणा काढतात; धातू कोणत्या ताणाला कायमचा वाकू लागतो, हे वेगळे माप असून ते सहसा कठीणपणाच्या सुमारे एक तृतीयांश असते. तरीही हे सूत्र वर्षानुवर्षे निर्णायक नियमासारखे उद्धृत होत आले, आणि त्यापायी गोळीच्या व्यासाचा मुद्दा मागे पडला. नळीत शिशाचे चंदेरी पापुद्रे चिकटण्याचे एक मोठे कारण म्हणजे बारीक गोळीच्या कडेने निसटणारा तप्त वायू. नळीच्या खाचांच्या व्यासाहून एक-दोन सहस्रांश इंच मोठी, मध्यम कठीण गोळी पुष्कळदा स्वच्छ जाते. उलट बारीक आणि अतिकठीण गोळी दाबाने फुगत नाही, म्हणून फट तशीच राहते. अतिशय वेगवान भरणीत मऊ गोळी खाचांना न जुमानता घसरू शकते, हा कठीण मिश्रधातूच्या बाजूचा मुद्दा मात्र खराच आहे. शिकारीत परिस्थिती पुन्हा बदलते, कारण अँटिमनीने ठिसूळ झालेली गोळी हाडावर आपटून तुटू शकते.

अलीकडे हा वाद कच्च्या मालापाशी येऊन ठेपला आहे. लायनोटाइप दुर्मीळ झाला. गोळ्यांसाठी वितळवली जाणारी, चाकांच्या संतुलनासाठी लावायची शिशाची वजने युरोपीय संघात नव्या गाड्यांवर २००५ पासून, तर कॅलिफोर्नियात २०१० पासून बंद झाली. त्यांच्या जागी आलेली जस्ताची वजने चुकून शिसे वितळवण्याच्या भांड्यात पडली, तर साचा नीट भरत नाही. त्यामुळे थोडे अँटिमनी असलेली गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकून कठीण करणे आणि तिच्यावर भाजून रंगाच्या पावडरचा लेप चढवणे, या पद्धती पुढे आल्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा वापरण्यास राज्यभर मनाई आहे. निशाणबाजीच्या मैदानावरील सराव त्या मनाईत येत नाही.