अनंताचा अर्धा किती?

लंडनच्या हाइड पार्कात मार्बल आर्चजवळच्या कोपऱ्याला स्पीकर्स कॉर्नर म्हणतात. रविवारी तिथे लोक घडीच्या शिडीवर चढून घसा फाटेपर्यंत बोलतात. मागे एकदा एका धर्मप्रचारकाने गर्दीतून नेमकं मलाच धरलं. "मी चुकीचा ठरलो तर तुझं काय जाणार? पण खरा ठरलो तर? नरक, कायमचा!" लोक हसले. मी गप्प, कारण हिशेब वरवर तरी बिनतोड वाटत होता.

हा हिशेब मूळ ब्लेझ पास्काल या फ्रेंच गणितज्ञाचा. १६५४ साली फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रं लिहून ज्याने संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला, तोच हा. पैजेचं मोल काढायची रीत सोपी आहे: बक्षीस गुणिले ते मिळण्याची शक्यता. लॉटरीत ५ लाखांचं बक्षीस, शक्यता लाखात एक, तर तिकिटाचं मोल ५ रुपये. ते १० रुपयांना मिळत असेल तर सौदा तोट्याचा. आता बक्षीस अनंत धरा, म्हणजे कायमचा स्वर्ग. देव असण्याची शक्यता कितीही बारीक माना, फक्त शून्य नको. अनंताला लाखाने भागलं तरी अनंतच उरतं. म्हणून श्रद्धेवर पैज लावा, असं पास्कालच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापलेल्या टिपणांत आहे.

मला यातली खरी गंमत कळली ती घरी परतताना, बसमध्ये. समजा मी नाणं उडवलं: छापा पडला तर श्रद्धा, काटा पडला तर नाही. अनंताचा अर्धा किती? अनंत! फासा टाकला आणि सहा पडले तरच श्रद्धा, असं ठरवलं तरी अनंत. बरं, काहीच न करता नुसता चहा पीत बसलो, तर? चहा पिता पिता कधीतरी मन पालटेल ही शक्यता शून्य नाही ना? मग चहाही अनंत मोलाचा. ज्या परीक्षेत सगळ्यांनाच अनंत मार्क, तिथे पहिला नंबर कुणाचा काढणार?

एकही बक्षीस अनंत नसलं तरी हा घोळ होतो. निकोलस बर्नुली या गणितज्ञाने १७१३ मध्ये मांडलेल्या खेळाचं पुढे रूढ झालेलं रूप असं: छापा येईपर्यंत नाणं उडवायचं; तो पहिल्याच फेकीला आला तर २ रुपये, दुसऱ्या फेकीला आला तर ४, तिसऱ्या फेकीला ८, असं दुप्पट होत पुढे. प्रत्येक पायरी (२ चा अर्धा, ४ चा पाव, ८ चा आठवा भाग) सरासरीत एकेक रुपया घालते, त्यामुळे बेरीज अनंत. पण त्यासाठी हजार रुपये कोण मोजेल? डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्ये तोडगा दिला: पैसा वाढतो तशी त्याच्या उपयुक्ततेची वाढ मंदावते, लॉगॅरिदमसारखी, म्हणजे रक्कम दरवेळी दुप्पट झाली तरी उपयुक्तता तेवढ्याच एका पायरीने वाढते. तसं मानलं तर रिकाम्या खिशाच्या माणसासाठी खेळाचं मोल भरतं फक्त ४ रुपये. पण बक्षिसं आणखी वेगाने वाढवा, की लॉगॅरिदमही हरतो. उपयुक्ततेलाच वर छत घातलं तर मात्र घोळ मिटतो. आणि छत घातलं की स्वर्गही मर्यादित होतो!

आमच्या लहानपणी पंधरा पैशांच्या कार्डावर हाच हिशेब घरी यायचा: अशीच एकवीस कार्डं लिहा, नाहीतर अनर्थ. आता तो मोबाईलवर येतो. आजी निमूट कार्डं लिहायची. आजोबा आलेलं कार्ड उलटसुलट बघून बंबात घालायचे.

तिथे त्या प्रचारकापासून वीसेक पावलांवर दुसरी शिडी होती. तिच्यावरचा माणूस दुसऱ्याच देवाच्या नरकाची भीती घालत होता, आणि शक्यता त्याचीही शून्य नव्हती.