बॅटरी बसली की अर्थ गेला?

दसरा झाला, साखर कारखान्यांच्या बॉयलरची पूजा झाली, की पावसाळाभर शेडमध्ये कोंबलेले जुने ट्रॅक्टर बाहेर निघतात आणि माझा फोन वाजायला लागतो. वाक्य ठरलेलं. "दादा, बॅटरी बसलीया. चार्जिंगला लावू का नवीनच टाकू?" मी विचारतो, बसली हे कशावरनं? "सेल्फ मारला की नुसतं टक करतंय." झालं. टक केलं की बॅटरी. या एका टकपायी किती धडधाकट बॅटऱ्या भंगारात गेल्या असतील कुणास ठाऊक.

बसलेली बॅटरी आणि गेलेला अर्थ (म्हणजे करंटची तुटलेली परतीची वाट), दोघांचं रडगाणं सारखंच. इंजिनाला फिरवून चालू करणारा सेल्फ टक करतो, हेडलाइट मंदावतो, इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबतं. उतारावरनं सोडला की मात्र ट्रॅक्टर बिनबोभाट चालू होतो, कारण जुन्या डिझेल इंजिनाला एकदा फिरलं की विजेची गरजच नसते. म्हणून मंडळी रोज संध्याकाळी उतार शोधून ट्रॅक्टर लावतात आणि अख्खा हंगाम तसाच काढतात. कानानं दुखणं ओळखतो म्हणणारे मिस्त्रीही भेटतात: एकच टक म्हणजे अमुक, टक-टक-टक म्हणजे तमुक. माझा त्यावर विश्वास नाही. दोन्ही आवाज दोन्ही दुखण्यांत मी ऐकलेत.

बॅटरीचं फार सांगत बसत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. भरलेली बॅटरी रात्रभर निवांत ठेवली की सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मग बोला. वर टाकायचं ते डिस्टिल्ड पाणी. ॲसिड ओतून बॅटरी "ताजी" करणाऱ्याला माझ्या दारात उभा करू नका.

खरा घोळ 'अर्थ' या शब्दातच आहे. घरी आपण अर्थिंग करतो ते कसं? खड्डा, तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ, वरनं पाणी. त्या वायरीतनं रोज काही वाहत नाही. फ्रीजच्या बॉडीत करंट उतरला तरच तिचं काम. ती तुटली तरी फ्रीज चालतो, बर्फ होतो, घरात कुणाला पत्ता लागत नाही. हेच डोक्यात ठेवून माणूस ट्रॅक्टरकडं येतो आणि मला समजावतो, "टायर रबराचं, त्याला कुठला आलाय अर्थ?"

ट्रॅक्टरच्या अर्थचा मातीशी काडीचाही संबंध नाही. बॅटरीच्या प्लसमधनं निघालेला करंट सेल्फमधनं फिरून मायनसला परत यावाच लागतो. परतीची वेगळी वायर ओढण्यापेक्षा इंजिन आणि गिअरबॉक्सचं लोखंडच वायर म्हणून वापरलंय, एवढाच तो अर्थ. घरच्या हिशेबानं बोलायचं तर हा आपला अर्थ नव्हेच, हा न्यूट्रल आहे. डिझेल इंजिन हलवताना सेल्फ ३०० अँपिअर ओढत असेल तर लाल केबलमधनं ३०० जातात आणि मायनसला बॉडीशी जोडणाऱ्या त्या काळ्या, दुर्लक्षित पट्टीतनंही ३०० च परत येतात. एकही कमी नाही. तरी लाल केबल अंगठ्याएवढी जाड, वर रबरी टोपण; आणि मायनसची पट्टी बघावी तर निम्मे पदर तुटलेले, गिअरबॉक्सवर गंजक्या बोल्टाखाली कशीबशी दाबलेली. (फार जुन्या काही ट्रॅक्टरांत प्लसच बॉडीला असतो. तिथं पुढचं सगळं उलटं धरा.)

आता त्या गंजक्या बोल्टापाशी एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा आहे असं समजा. घरच्या दिव्याला तो जाणवणारही नाही. पण ३०० अँपिअरला ०.०१ ओहम म्हणजे ३ व्होल्ट तिथंच खलास. ओढ पडल्यावर बॅटरीचेच साडेदहा राहिलेले, त्यातले तीन वाटेत गेले. उरलेल्या साडेसातवर सेल्फ काय डोंबल फिरणार?

"पण मी मीटर लावून बघितलं, बारा दाखवतोय की!" दाखवणारच. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं केबलचा एकच तंतू धड असला तरी तो बाराच दाखवेल. ठिबक असलेल्यांना हे लगेच कळेल. फिल्टर चोंदलाय, पण पुढचे सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत. फिल्टरच्या पुढच्या गेजवर प्रेशर फुल्ल दिसतं. व्हॉल्व्ह उघडला की काटा धाडकन खाली. तेव्हा मोजायचं ते पाणी चालू असताना. इथंही मोजायचं ते सेल्फ मारताना.

त्यासाठी दोन माणसं आणि शे-दोनशे रुपयांचा मीटर पुरतो. गिअर न्यूट्रल, स्टॉपची नॉब ओढलेली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. एकानं सेल्फ मारायचा. दुसऱ्यानं मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धरायच्या, खुंटांवर, केबलच्या क्लॅम्पवर नव्हे! नव्वद टक्के लोक क्लॅम्पवर धरतात आणि मग क्लॅम्प-खुंटामधली पांढरी बुरशी बॅटरीच्या नावावर खपते. खुंटांवरचं रीडिंग साडेनऊच्या खाली कोसळलं तर संशय बॅटरीवर, किंवा सेल्फ जाम होऊन वाजवीपेक्षा जास्त ओढतोय. रीडिंग बाराच्या आसपास टिकलं आणि तरी सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरीला हात लावू नका. तिला कुणी काम सांगितलेलंच नाही.

मग दुसरं रीडिंग. एक पिन मायनसच्या खुंटावर, दुसरी सेल्फच्या उघड्या लोखंडावर, आणि पुन्हा सेल्फ. इथं लोक गोंधळतात, कारण इथं जितका कमी आकडा तितकं चांगलं. पाव व्होल्टच्या आत असेल तर अर्थ खणखणीत. एक, दोन, पाच व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेवर जळतायत. पूर्ण बारा दिसले तर वाट तुटलीच आहे. एक सापळा ध्यानात ठेवा: शून्य आलं आणि सेल्फनं टकसुद्धा केलं नाही, तर अर्थ पास झाला असं समजू नका. करंट निघालाच नाही, तर वाटेत सांडणार काय? तेव्हा आधी स्टार्टर स्विच आणि सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या डबीची) बारीक वायर बघा.

कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरचा पस्तीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. इंजिनकाम करून, रंग मारून नुकताच आणलेला, नवरदेवासारखा चकाचक. तेव्हापासनं सेल्फ घेईना. मालकांनी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. खुंटांवर ११.९, आणि मायनस ते सेल्फ ४.८! अर्थची पट्टी काढली तर खाली गुळगुळीत लाल रंग, पट्टीच्या थिंबलवरही (टोकाच्या कडीवरही) रंग. रंगाऱ्यानं प्रेमानं सगळं एकजीव करून टाकलं होतं. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासून लोखंड पांढरं केलं, थिंबल घासलं, स्टार वॉशर टाकून आवळलं, आणि ग्रीस त्यानंतर वरनं. आधी ग्रीस फासून मग आवळणारे आहेत, मला ते आवडत नाही. पाहुणचाराची काकवी यायच्या आत सेल्फ फिरला. "म्हणजे त्या दोन्ही बॅटऱ्या चांगल्या हुत्या?" मालकांनी विचारलं. एक गोठ्यातल्या लाइटला लावलेली होती, दुसरी एक्स्चेंजमध्ये गेली होती.

महापुरात बुडालेल्या गाड्यांचं आणखी निराळं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पाण्यात उभे राहिलेले ट्रॅक्टर अजून येतात. केबल बाहेरनं ठणठणीत, पण थिंबलजवळ सोलली की आतलं तांबं काळं-हिरवं. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत मागं जा, नाहीतर सरळ नवी टाका. काळ्या तांब्यावर नवं थिंबल दाबणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि कृपा करून या सगळ्याला "शॉर्ट झालंय" म्हणू नका. शॉर्ट म्हणजे करंटला नको ती जवळची वाट सापडली: फ्यूज उडतो, वायर वितळते, धूर येतो. अर्थ गेला म्हणजे हवी ती वाट हरवली. फ्यूज शाबूत असताना शॉर्ट शोधत हिंडू नका, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालत असाल तर आपलं बोलणं इथंच संपलं.

ट्रॉलीचंही तेच. ऊस भरून रात्री निघालेली ट्रॉली, इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचा थांबतो. लोक यालाही बॅटरी म्हणतात! बॅटरी बसली तर सगळे दिवे एकसारखे मंदावतात, एकमेकांच्या कामात नाक खुपसत नाहीत. इथं ट्रॉलीचा अर्थ हुकाच्या पिनेवर सोडलेला असतो. पिनेला ग्रीस, गंज आणि माती, त्यामुळं खड्ड्यात आदळली की दिवे लखलखतात आणि सपाट रस्त्याला जातात. परत यायला वाट नसली की एका दिव्याचा करंट दुसऱ्या दिव्यातनं घुसून जातो. प्लगमधनं अर्थची स्वतंत्र वायर ट्रॉलीच्या चासीपर्यंत ओढा, चासीवर रंग खरवडून बोल्ट मारा, आणि पिनेला तिचं ओढायचं काम करू द्या.