अमेरिका फुटलीच, तर लीज फेरीपाशी काय होईल?

अमेरिकेत निवडणूक झाली की एक नकाशा हमखास फिरायला लागतो: तुकडे झालेली अमेरिका. कॅलिफोर्निया एका रंगात, टेक्सास दुसऱ्या, मधला पट्टा तिसऱ्याच. रशियाचे प्राध्यापक इगोर पानारिन यांनी तर १९९८ मध्येच सांगून टाकलं होतं, की २०१० च्या सुमारास या देशाचे सहा तुकडे होतील आणि अलास्का रशियाकडे येईल. २०१० आलं आणि गेलं. पण भाकितांचा धंदा बुडत नाही. आता त्यात शनी-मंगळाची युती जोडून सांगणारेही आहेत. त्यांना तिथेच सोडू.

मला या नकाशांत खटकतं ते वेगळंच. सगळ्या रेषा मतपेट्यांवरून काढलेल्या असतात आणि नद्या पुसून टाकलेल्या असतात. लॉस एंजेलिसच्या नळाला येणारं काही पाणी जवळपास चारशे किलोमीटर कालव्यातून येतं. फिनिक्सकडे जाणारा कालवा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. डेन्व्हर शहर पर्वताच्या एका बाजूला, तर त्याचं बरंचसं पाणी दुसऱ्या बाजूचं, डोंगर पोखरून आणलेलं. हे सगळं पाणी कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातलं. असा देश फाडायचा म्हटलं तर आधी नळ फाटतील. आणि पहिला ताण बसेल तो अ‍ॅरिझोनातल्या लीज फेरी या जागी, जिथे या नदीचा वरच्या आणि खालच्या राज्यांमधला हिशोब मोजला जातो.

पाण्यावरून नकाशा काढणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात एक हात गमावलेला हा गडी १८६९ मध्ये होड्या घेऊन ग्रँड कॅनियनमधून खाली उतरला. १८७८ च्या अहवालात त्याने सांगितलं, की शंभराव्या रेखांशाच्या आसपास देशाचे दोन भाग पडतात. पूर्वेला वर्षाला वीस इंचांहून, म्हणजे साधारण ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तिथे कोरडवाहू शेती जमेल. पश्चिमेला सिंचनाशिवाय काही खरं नाही. १८९० मध्ये त्याने पश्चिमेचा नकाशाच नदीखोऱ्यांनुसार पाडला: ज्याचं खोरं त्याचा कारभार. कोणी ऐकलं नाही. राज्यांच्या सीमा पट्टी ठेवून ओढल्यासारख्या सरळ राहिल्या.

कारण तेव्हा एक वेगळीच श्रद्धा जोरात होती: नांगर चालला की पाऊस त्याच्या मागोमाग येतो. जमीन विकणारे, रेल्वेवाले आणि काही शास्त्रज्ञसुद्धा हे छातीठोकपणे सांगत. आपल्याकडे तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा दाखवणारे पाणाडे आहेत, त्यांच्यावर हसण्याआधी हे लक्षात ठेवावं. कॅलिफोर्नियातले द्राक्षबागायतदार आजही काठी घेऊन फिरणारे पाणाडे बोलावतात. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत पॉवेलने ‘एवढ्या जमिनीला पुरेल इतकं पाणी इथे नाही’ असं सांगितलं, तेव्हा सभेने त्याची हुर्यो उडवली. पुढे १९३० च्या दशकात त्याच नांगरलेल्या मैदानांची माती वाऱ्यावर उडाली.

आता १९२२. कोलोरॅडो खोऱ्यातल्या सात राज्यांनी नदी वाटून घेतली. वरची चार (कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, न्यू मेक्सिको) आणि खालची तीन (कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, नेवाडा). दोन्ही गटांना वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर साचेल एवढं पाणी). आपल्या हिशोबात हे सुमारे ३२७ टीएमसी, म्हणजे एकेका गटाला तीनेक कोयना. १९४४ च्या करारात मेक्सिकोला १५ लाख एकर-फूट दिले. एकूण वाटप झालं साधारण ७१९ टीएमसी. वाटप करताना हाताशी असलेल्या नोंदी होत्या वीसेक वर्षांच्या, आणि ती वर्षं निघाली विलक्षण ओली. १९७६ मध्ये झाडांच्या वाढवलयांवरून शतकांचा प्रवाह काढला गेला, तेव्हा सरासरी ५८८ टीएमसीच्या आसपास आली. २००० नंतरची सरासरी तर ५४० च्या घरात आहे. आपल्या बच्छावत लवादावर कितीही टीका करा, पण त्याने कृष्णेचं पाणी वाटताना ‘शंभरातल्या पंच्याहत्तर वर्षी तरी नक्की मिळेल’ इतकंच म्हणजे २०६० टीएमसी धरलं होतं. ओल्या वर्षांच्या सरासरीवर संसार मांडला नव्हता.

पण वाटप चुकलं हा या गोष्टीचा सोपा भाग. मला खरा मोह पडतो तो पुढच्या प्रश्नाचा: डोंगरावरचा बर्फ फारसा कमी न होताही नदी का आटते?

नदी हा उरलेला आकडा असतो. वरच्या खोऱ्यात वर्षभरात जे पाऊस-बर्फ पडतं, त्यातलं जेमतेम १५ टक्के नदीत पोचतं. बाकीचं ८५ टक्के जमिनीतून आणि झाडापानांतून वाफ होऊन परत हवेत जातं. आता समजा हे ८५ वाढून ८७ झालं. वाफेच्या बाजूने पाहिलं तर वाढ क्षुल्लक. नदीच्या बाजूने पाहा: १५ चे १३ झाले, म्हणजे १३ टक्के पाणी गायब! ज्याच्या वाट्याला शिल्लक येते, त्याला छोट्या बदलाचा मोठा फटका बसतो.

मग वाफ वाढते कशाने? सहसा उत्तर मिळतं की गरम हवा तहानलेली असते. ते खरं आहे. तापमान एक अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पण नुसती तहान असून भागत नाही, वाफ करायला ऊर्जा लागते. दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा आठवा: एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी, आणि त्याचीच वाफ करायला आणखी ५४० कॅलरी. एवढी ऊर्जा आणायची कुठून? सूर्याकडून. आणि इथे बर्फाचा पांढरा रंग कामाला येतो.

ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ८० टक्क्यांहून अधिक परत आकाशात फेकतो. उघडी जमीन आणि झुडपं जेमतेम पाचवा भाग परतवतात. बर्फ एप्रिल-मेमध्ये टिकला, तर ऊन कडक असूनही त्यातली बहुतेक ऊर्जा वाया जाते आणि नदीचं भलं होतं. तोच बर्फ पंधरा दिवस आधी वितळला तर? हिशोब करून बघू. उघड्या पडलेल्या जमिनीत दर चौरस मीटरला सरासरी १०० वॉट जादा ऊर्जा शिरते असं धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद, असे पंधरा दिवस: जवळपास १३ कोटी ज्यूल. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २५ लाख ज्यूल लागतात. भागाकार केला की येतात ५२ किलो, म्हणजे दर चौरस मीटरवर ५२ मिलिमीटर पाणी. अर्थात सगळी ऊर्जा वाफेत जात नाही, काही माती तापवते, काही हवा. सगळं खोरंही बर्फाखाली नसतं. तरी दहावा हिस्सा धरला तरी ५ मिलिमीटर झाले. आणि अख्ख्या वरच्या खोऱ्यावर समान पसरलं, तर विसाव्या शतकातल्या सरासरी वर्षी नदीत उतरणारं पाणी होतं ६० मिलिमीटरच्या आसपास. साठातून पाच वजा! फटका लक्षात आला असेल.

यात एक साखळी आहे. बर्फ गेला की जमीन तापते, जमीन तापली की शेजारचा बर्फ लवकर जातो. शिवाय खालच्या पठारावरून गुरांच्या चराईने आणि गाड्यांच्या चाकांनी मोकळी झालेली लाल धूळ वाऱ्याने बर्फावर येऊन बसते. काळवंडलेला बर्फ ऊन जास्त पितो आणि सुमारे तीन आठवडे आधी वितळतो. एकट्या धुळीने नदी ५ टक्क्यांच्या आसपास रोडावते असा अंदाज आहे. मिली आणि डन या दोन अमेरिकी सरकारी शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हे सगळं गणित बसवून आकडा दिला: दर अंश सेल्सिअस तापमानवाढीला प्रवाहात सुमारे ९ टक्के घट. मोठा वाटा याच घटत्या परावर्तनाचा.

हे कळलं की ‘मिसिसिपीतून पाइपलाइन टाका’ ही कल्पना किती गोड आणि किती पोकळ आहे हेही दिसतं. अशा योजना १९६० च्या दशकापासून निघतात. कोलोरॅडोवरचा लेक पॉवेल जलाशय भरलेला असताना समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर असतो. (हो, ज्याचं ऐकलं नाही त्याच पॉवेलचं नाव या जलाशयाला दिलंय.) एक घनमीटर पाणी तिथवर चढवायला तीन युनिट वीज लागते, वाटेतले डोंगर आणि पाइपातलं घर्षण वेगळं. दहा लाख एकर-फुटांसाठी ३७० कोटी युनिट. त्याच नदीवरचं हूव्हर धरण वर्षाला सरासरी ४०० कोटी युनिट बनवतं! कागदावरचं वाटप आणि नदीतलं खरं पाणी यांतली तूट चाळीस लाख एकर-फुटांच्या वर आहे. म्हणजे पाणी आणायला चार हूव्हर धरणं जाळायची.

पंचमहासरोवरांचं पाणी? जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा पाचवा हिस्सा तिथे आहे खरा, पण तो बहुतांशी हिमयुगाची पुंजी. दरवर्षी नव्याने भरतं ते जेमतेम एक टक्का. २००८ मध्ये काठच्या आठ राज्यांनी करार करून, मोजके अपवाद सोडले तर, हे पाणी खोऱ्याबाहेर न्यायलाच बंदी घातली. विस्कॉन्सिनमधलं वॉकेशा हे गाव खोऱ्याच्या सीमेबाहेर थोडक्यात पडतं. तिथल्या खोल विहिरींत रेडियम निघालं, तरी मिशिगन सरोवराचं पाणी मिळायला २०२३ उजाडलं, तेही वापरलेलं पाणी शुद्ध करून परत पाठवण्याच्या अटीवर. जे शेजारच्या गावाला इतके नियम लावतात, ते अ‍ॅरिझोनाच्या लसूणघासाला पाणी देतील? कोलोरॅडोचं माणसं वापरतात त्यातलं जवळपास निम्मं पाणी गुरांच्या चाऱ्यावर जातं.

पाण्यासाठी ही राज्यं एकमेकांवर उठलेली आहेत. १९३४ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या गव्हर्नरने पार्कर धरण रोखायला सैनिक पाठवले, नदीत उतरायला बोटीही मिळवल्या. वर्तमानपत्रांनी त्याला ‘अ‍ॅरिझोनाचं आरमार’ म्हणून खिजवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आणि मग अमेरिकी संसदेत मिटलं, कारण वर वॉशिंग्टन होतं.

वरचा हात निघून गेला की काय होतं ते सोव्हिएत संघाने दाखवलंय. किर्गिझस्तानातलं टोक्तोगुल धरण उन्हाळ्यात खालच्या उझबेकिस्तानच्या कापसाला पाणी सोडायचं. बदल्यात हिवाळ्यात कोळसा आणि गॅस मिळायचा, मॉस्को तसं ठरवून द्यायचं. १९९१ नंतर इंधनाला बाजारभाव लागला. किर्गिझस्तानने विजेसाठी हिवाळ्यात पाणी सोडायला सुरुवात केली. खालच्यांना थंडीत पूर आणि उन्हाळ्यात कोरडे कालवे.

कोलोरॅडोवर वरच्या आणि खालच्यांचा असा सामना होईल तो लीज फेरीला, अ‍ॅरिझोनात. वरची राज्यं इथला प्रवाह दहा वर्षांत ७.५ कोटी एकर-फुटांखाली जायला ‘कारण ठरणार नाहीत’, असं १९२२ चा करार सांगतो. वरचे म्हणतात, पाणी आम्ही उपसलं नाही, बर्फ उन्हाने गेला, मग दोष आमचा कसा? खालचे म्हणतात, आम्हाला आकड्याचं वचन आहे, कारणाशी आम्हाला देणंघेणं नाही. न्यायालयात गेलं तर मिली-डनचं परावर्तनाचं गणितच साक्षीला उभं राहील. तुटवड्याच्या काळात पाणी कसं कापायचं याचे २००७ चे नियम २०२६ अखेर संपतात. लीज फेरीच्या वर पंचवीसेक किलोमीटरवर ग्लेन कॅनियन धरण आहे आणि त्याचे दरवाजे आज केंद्र सरकारच्या हातात आहेत. धरणाची भिंत अ‍ॅरिझोनात, म्हणजे खालच्या गटात. मागचा लेक पॉवेल जलाशय मात्र बहुतेक सगळा युटात, वरच्या गटात.