पाठीवरची म्नोंग टोपली: विणकाम आणि निगा

आपण घेतलेली टोपली व्हिएतनामच्या मध्य पठारावरील म्नोंग समाजाच्या पद्धतीची आहे. हा समाज मुख्यतः डाक लाक आणि लाम डोंग प्रांतांत राहतो (पूर्वीचा डाक नोंग प्रांत २०२५ मध्ये लाम डोंगमध्ये विलीन झाला) आणि २०१९ च्या जनगणनेत त्याची संख्या सुमारे १ लाख २७ हजार होती. सीमेपलीकडे, कंबोडियातील मोंडुलकिरीतही त्याची वस्ती आहे.

कापड बायकांनी विणायचे आणि टोपल्या पुरुषांनी, अशी तेथील जुनी रीत आहे. बांबू पावसाळा सरल्यावर, कोरड्या हंगामात तोडतात, कारण त्या दिवसांत त्यात पिष्ट कमी असते आणि भुंगेरे पिष्टाच्याच मागे येतात. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो, फार जून झालेला चिरताना फुटतो. म्हणून मधल्या वयाचे, लांब पेरांचे बांबू निवडून त्यांच्या कामट्या काढतात आणि प्रत्येक कामटी सुरीने तासून सारख्या जाडीची करतात. खरे कौशल्य आम्हाला विणण्यापेक्षा या तासण्यात दिसते. आपली टोपली बोटांनी चाचपून पाहिल्यास पाठीला टेकणाऱ्या बाजूस एकही कूस लागणार नाही.

बांबू अंगाला आकार देतो, पण ओझे पेलतो तो वेत. वेत आतून पोकळ नसतो, शिवाय भिजवला की हवा तसा वळतो आणि वाळल्यावर आवळून बसतो. त्यामुळे तोंडाचा काठ, कोपऱ्यांची बांधणी आणि खांद्याचे दोन्ही पट्टे त्याचेच असतात. बुड चौकोनी आणि तोंड गोल ही ठेवण मुद्दाम असते, कारण टोपली भुईवर आधाराविना उभी राहावी लागते. धान्याच्या टोपलीची वीण घट्ट असते, सरपण आणि भाजीच्या टोपलीची विरळ.

विणून झालेली टोपली तेथे चुलीवर टांगतात. धुराने बांबू तांबूस-काळपट होतो, त्याला चकाकी येते आणि कीड दूर राहते. आपल्या घरांतून चूल गेली आहे आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर तर चार महिने हवा ओलीच असते, म्हणून धुराचे काम आपल्यालाच करावे लागेल. टोपली भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात न ठेवता खुंटीला टांगावी. पांढरी बुरशी दिसल्यास कोरड्या ब्रशने झाडून टोपली सकाळच्या उन्हात ठेवावी. दुपारच्या कडक उन्हात वेत तडकतो. व्हार्निश लावू नये असे आमचे मत आहे, कारण ते विणीच्या आत पोचत नाही आणि आत राहिलेली ओल बाहेर पडू देत नाही. टोपलीखाली बारीक पिवळट भुकटी पडू लागली, तर ती भुंगेऱ्यांची खूण समजावी आणि टोपली घरातील इतर बांबूच्या व लाकडी वस्तूंपासून त्वरित वेगळी करावी.

भरलेली टोपली एकाच पट्ट्याने उचलू नये. सगळा भार एका गाठीवर येऊन वेत तेथेच तुटतो. तुटलेल्या पट्ट्याजागी नायलॉनची दोरी बांधल्यास ती कामट्या कापते. असा पट्टा आमच्याकडे आणावा किंवा वेताचे काम करणाऱ्या जवळच्या बुरूड कारागिराकडून वेताचाच करून घ्यावा.