समुद्रावर गळ टाकायला कोणता गॉगल?

नाशिकहून रात्री निघायचं, त्र्यंबक-जव्हारच्या रस्त्याने पहाटे डहाणूचा किनारा गाठायचा आणि दिवसभर गळ टाकून बसायचं, हा आमचा चौघांचा नेम. गेल्या हिवाळ्यात भाच्याने नवा काळाभोर गॉगल आणला होता. काचेवर ‘पोलराइज्ड’ असं स्टिकर. तरी सकाळभर तो डोळे बारीक करूनच पाण्याकडे बघत होता. शेवटी मी माझा गॉगल त्याला दिला. माझी काच त्याच्यापेक्षा फिकी, पण तो लगेच ओरडला, “मामा, इथे खाली खडक आहे की!” हातभर पाण्याखालच्या त्याच खडकात त्याचे दोन गळ अडकून तुटले होते.

म्हणजे काच किती काळी आहे, याला इथे फारसं महत्त्व नाही. काळी काच सगळाच प्रकाश कमी करते. चकाकी मंद होते आणि पाण्याखालून येणारा उजेडही तेवढाच मंद होतो. पोलराइज्ड काच मात्र निवड करते. सूर्यप्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांनी कंप पावतात, पण पाण्यावरून तिरक्या परावर्तित झालेल्या प्रकाशात आडवी कंपनंच जास्त उरतात. १८०८ मध्ये एत्येन मालुस या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये एका राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारं सूर्याचं प्रतिबिंब स्फटिकातून पाहिलं, तेव्हा परावर्तित प्रकाशाचा हा गुण त्याच्या लक्षात आला. गॉगलच्या काचेत प्लॅस्टिकचा एक पातळ पापुद्रा असतो. द्राक्षबागेत ओळीने तारा ताणाव्यात तसे त्यातले लांबट रेणू आडवे ताणून बसवलेले असतात. ते आडवी कंपनं शोषून घेतात आणि उभी जाऊ देतात.

हा परिणाम सर्वांत जास्त कधी दिसतो? सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांच्या आसपास असताना, त्याच्या दिशेने पाण्याकडे पाहिलं तर. हे ओळखायला यंत्र लागत नाही. त्या वेळी आपली सावली उंचीच्या १.३३ पट असते. साडेपाच फुटी माणसाची सावली सव्वासात फुटांच्या जरा पुढे जाते. आणि १.३३ हाच पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाण्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा! हा योगायोग नाही. कोणत्या कोनातून परावर्तित झालेल्या प्रकाशात आडवी कंपनंच उरतात ते सांगणाऱ्या ब्रूस्टरच्या नियमातूनच तो आकडा येतो. मार्चअखेरीस नाशिकला ही वेळ दुपारी चारच्या सुमारास येते. गंगापूर धरणाच्या काठावर उभं राहून गॉगल डोळ्यांसमोर आडव्याचा उभा फिरवून बघा. गेलेली चकाकी परत येते. समुद्रावर लाटांचे उतार वेगवेगळे असल्याने थोड्या ठिणग्या राहतातच. मान किंचित कलती करून पाहिलं की त्यातल्याही काही विझतात. पण गढूळ पाण्यातला गाळ कोणताच गॉगल नाहीसा करत नाही. मालवणच्या नितळ पाण्यात जेवढा फरक दिसेल, तेवढा डहाणूला दिसणार नाही.

भाच्याच्या गॉगलवरचं स्टिकर खोटं निघालं. म्हणून दुकानात गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर मागून घ्या, तो चालू करा आणि गॉगलमधून त्याच्या पडद्याकडे बघत गॉगल हळूहळू फिरवा. काच खरी पोलराइज्ड असेल तर एका कोनात पडदा पार काळा होतो.

अतिनील किरणांचं संरक्षण ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि माझ्या लेखी ती आधी बघायची. ‘यूव्ही ४००’, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहिलेलं असेल तरच गॉगल घ्या. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसेल तर जास्त अतिनील किरण डोळ्यात शिरतात. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात मांस वाढतं, त्यामागे हे किरण मोठं कारण आहे. फ्रेम कानशिलापर्यंत वळलेली हवी, कारण वाळूवरून आणि पाण्यावरून ऊन बाजूनेही येतं.

खोल समुद्रात बोटीवरून मासेमारीसाठी करडी काच बरी, रंग जसेच्या तसे दिसतात. किनाऱ्यालगत उथळ पाण्यात तांबूस-तपकिरी काचेतून खडक आणि वाळू यांतला फरक उठून दिसतो. काडीच्या आत ‘३’ हा आकडा असेल तर ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, तेवढं पुरतं. ‘४’ लिहिलेला गॉगल त्याहून काळा असतो, तो घालून गाडी चालवू नका. काच पॉलिकार्बोनेटची घ्या. गळाच्या दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं खडकात अडकलं की ते सुटून गोळीसारखं तोंडावर येतं, ते मी पाहिलंय.

पॉलिकार्बोनेटवर ओरखडे मात्र पटकन उठतात. खारं पाणी वाळलं की काचेवर मिठाचे कण राहतात, त्यामुळे रुमाल लावण्याआधी बाटलीतलं गोडं पाणी काचेवर ओता.