काँक्रीट वाळत नाही

एप्रिलच्या शेवटी आमच्या गल्लीत एका घराचा स्लॅब टाकला. रात्री उशिरापर्यंत मिक्सर चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास घरमालक वर चढले, दोन-तीन ठिकाणी टाचेनं दाबून पाहिलं आणि मला म्हणाले, "मस्त वाळलाय बघा. आजचा दिवस ऊन खाऊ दे, उद्यापासून पाणी मारू." मिस्त्रींनीही मान डोलावली. मी त्यांना गळ घातली, गोणपाट मागवलं आणि तासाभरात सगळा स्लॅब ओल्या गोणपाटानं झाकून घेतला. पण तो "वाळलाय" शब्द काही डोक्यातून जाईना. आयुष्यभराची कमाई घरात ओतणारी, शिकलीसवरलेली माणसंही असंच म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी घराचं जे नुकसान होतं ते दहा-पंधरा वर्षांनी छतातून गळू लागतं.

चूक समजण्यासारखी आहे. सारवलेली जमीन, कच्ची वीट, गच्चीवर घातलेल्या कुरडया, या सगळ्या पाणी उडून गेलं की कडक होतात. सिमेंटची गोष्ट वेगळी आहे. ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं, आणि पाणी संपलं की ती क्रिया जिथे असेल तिथे थांबते. पुलांचे पाये नदीच्या पाण्यातही घट्ट होऊ शकतात, ते यामुळेच. खात्री करायची असेल तर घरी करून बघा. थोड्या सिमेंटमध्ये पाणी घालून घट्टसर कालवा आणि दोन प्लास्टिकच्या पेल्यांत भरा. एक दिवस दोन्ही झाकून ठेवा. मग एक पेला बादलीभर पाण्यात बुडवा, दुसरा कडक उन्हात ठेवा. आठ दिवसांनी दोन्हींवर खिळा ओढा. उन्हातल्यावरून भुकटी निघेल, पाण्यातल्यावर खिळ्याची जेमतेम रेघ उमटेल.

आता मला ज्या गोष्टीचं खरं वेड आहे ती सांगतो. मधे दोन-तीन अवघड नावं येतील, पण तेवढी सोसा.

चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की काळपट खडे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात थोडं जिप्सम घालून दळलं की झालं सिमेंट. हे कण इतके बारीक असतात की ५० किलोच्या एका गोणीतल्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग सपाट पसरला तर सुमारे १५,००० चौरस मीटर भरेल, म्हणजे जवळजवळ पावणेचार एकर रान! या कणांत मुख्यतः चार संयुगं असतात. ताकद देणारी दोन: ट्रायकॅल्शियम सिलिकेट झपाट्यानं काम करतं, पहिल्या काही आठवड्यांची ताकद त्याची. डायकॅल्शियम सिलिकेट संथ, ते महिनोन्‌महिने चालू राहतं. तिसरं, अ‍ॅल्युमिनेट, इतकं उतावीळ असतं की जिप्समनं त्याला आवरलं नाही तर माल घमेल्यातच दगड होईल. चौथ्यात लोह असतं, सिमेंटला करडा रंग येतो तो त्याच्यामुळे.

पाणी पडल्यावर पहिले दोन-तीन तास वरवर काहीच घडत नाही, आणि याच वेळात आपल्याला माल ओतून, दाबून, सपाट करून घ्यायचा असतो. मग कणांच्या पृष्ठभागावर एक लिबलिबीत पदार्थ वाढू लागतो. त्याचं नाव कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. यालाच जेल म्हणतात. त्याचे धागे आणि पापुद्रे शेजारच्या कणांतून आलेल्या धाग्यांत गुंततात, वाळूला धरतात, खडीला धरतात, सळईला धरतात. आपलं सगळं घर या पदार्थाच्या पकडीवर उभं असतं. वाळलेल्या जेलच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे २०० चौरस मीटर मोजला गेला आहे. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. म्हणजे चिमूटभर जेलमध्ये दीड मैदान सामावलेलं असतं.

आणि यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही, की एक घनसेंटिमीटर सिमेंटपासून सुमारे २.१ घनसेंटिमीटर जेल आणि त्याच्या जोडीचे पदार्थ तयार होतात. कण जणू फुगत जातात आणि मधल्या पाण्यानं भरलेल्या जागा बुजवत जातात. सुरुवातीला या जागा एकमेकींना जोडलेल्या असतात, केसाहून बारीक नळ्यांचं जाळंच म्हणा. जेल वाढलं की नळ्या अरुंद होतात, मग मधेच तुटतात. ज्या दिवशी हे जाळं तुटतं त्या दिवसापासून काँक्रीटमधून पाणी आरपार जाणं जवळजवळ बंद होतं. खरं वॉटरप्रूफिंग ते हेच.

हे जाळं तुटायला किती दिवस लागतात? शिकागोच्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनमध्ये संशोधक पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ते आकडे मांडले. सतत ओलं ठेवलेल्या सिमेंटमध्ये पाण्याचं वजन सिमेंटच्या ०.४५ पट असेल तर ७ दिवस. ०.५० पट असेल तर १४ दिवस. ०.६० पट झालं की ६ महिने. ०.७० ला एक वर्ष. त्याहून जास्त पाणी असेल तर जाळं कधीच तुटत नाही, कारण एवढी जागा भरून काढण्याइतकं जेल त्या सिमेंटमधून निघूच शकत नाही. आजचं सिमेंट जास्त बारीक दळलेलं असतं, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चढण तशीच आहे.

हेच गोणीच्या हिशेबात मांडून बघा. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे ०.५०, ३० लिटर म्हणजे ०.६०, ३५ लिटर म्हणजे ०.७०. मधला फरक फक्त पाच-पाच लिटरचा, अर्ध्या छोट्या बादलीचा! मिक्सरजवळचा गडी "माल सरकत नाही" म्हणून पाइप सोडतो तेव्हा पंधरवड्याचं काम सहा महिन्यांवर जातं. सहा महिने पाणी मारणारा घरमालक मी तरी पाहिलेला नाही.

सिमेंटला प्रत्यक्षात किती पाणी लागतं? रासायनिक बंधात अडकणारं पाणी वजनाच्या सुमारे २३ टक्के, जेलच्या सूक्ष्म पोकळ्यांत धरलं जाणारं आणखी १९ टक्के. एका गोणीला एकूण २१ लिटर. त्याहून जास्तीचं पाणी आपण घालतो ते फक्त माल हलावा, साच्यात नीट बसावा म्हणून. ते पुढे उडून जातं आणि जागा रिकामी ठेवून जातं. पाणी वाढलं की ताकद घटते हा नियम डफ अब्रॅम्स यांनी शिकागोतच १९१८ साली मांडला होता. आपल्या आयएस ४५६ या मानकात एम-२० या प्रतीच्या काँक्रीटच्या ठरावीक प्रमाणाच्या मिश्रणासाठी गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलं आहे. ती कमाल मर्यादा आहे, त्याच्या आत राहायचं. शिवाय वाळू किंवा क्रशसँड ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यात धरावं लागतं. एका गोणीमागे ८० किलोच्या आसपास वाळू पडते. तिच्यात ५ टक्के ओल असली तरी ४ लिटर पाणी आधीच आलेलं असतं.

म्हणून स्लॅबच्या दिवशी घरमालकानं पेढे वाटण्याआधी मिक्सरपाशी उभं राहावं. पाणी पाइपनं नको, मोजून खुणा केलेल्या बादलीनं घालायला लावा. माल सरकत नसेल तर इंजिनिअरला विचारून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घाला, व्हायब्रेटर नीट चालवा. ओतून झाल्यावर पृष्ठभागावर पाणी तरंगतं, त्यावर काही कारागीर कोरडं सिमेंट भुरभुरतात. ते करू देऊ नका. वर एक पातळ पापुद्रा धरतो आणि पुढे सुटतो.

मालातल्या पाण्यात अशी काटकसर करा, पण वरून मारायच्या पाण्यात मुळीच नको. क्रिया चालू असताना तयार होणारे पदार्थ सिमेंट आणि पाणी यांच्या मूळ एकत्रित आकारमानापेक्षा थोडी कमी जागा घेतात, त्यामुळे काँक्रीट बाहेरून पाणी आत ओढून घेतं. आणि आतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांखाली गेली की क्रिया जवळपास थांबते. गोणपाट कोरडं पडलं की काय होतं ते यावरून कळावं. सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडून मधे दुपारभर तापू देणं म्हणजे रोज काम थांबवून रोज नव्यानं सुरू करणं. कडक ऊन आणि वारा असताना ताज्या स्लॅबवरून चौरस मीटरमागे तासाला १ लिटर पाणी उडू लागलं तर भेगा पडण्याचा धोका असतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून ते तासाला ९३ लिटर होतं. म्हणून पहिल्या रात्री प्लास्टिकनं झाका, सकाळी मातीची किंवा कमी सिमेंटच्या मालाची आळी बांधा आणि बोटभर पाणी उभं ठेवा.

किती दिवस? मानक म्हणतं, ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) असेल तर किमान ७, उष्ण आणि कोरड्या हवेत किमान १०. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर किमान १०, आणि शिफारस १४ दिवसांची. घरबांधणीला बहुधा पीपीसीच येतं. त्यात औष्णिक वीज केंद्रांची राख असते. सिमेंटच्या क्रियेतून सुटणाऱ्या चुन्याशी ही राख सावकाश जुळते आणि आणखी जेल बनवते. काँक्रीट शेवटी जास्त दाट होतं, पण त्याला वेळ आणि ओल दोन्ही जास्त लागतं. म्हणून मी १४ दिवस धरा असंच सांगतो. स्लॅबला निदान पाणी मिळतं. खरे उपाशी राहतात ते कॉलम. उभ्या पृष्ठभागावर मारलेलं पाणी ओघळून जातं. कॉलमला गोणपाट गुंडाळा, सुतळीनं घट्ट बांधा आणि ते सतत ओलं राहील असं बघा. समुद्राकाठी कोकणात आणि मुंबईत तर हे जिवावरचं आहे. तिथे खारी हवा त्या बारीक नळ्यांतून सळईपर्यंत पोचते, आणि गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते.

मुहूर्ताबद्दल स्पष्टच लिहितो. स्लॅबचा मुहूर्त निघतो दुपारी साडेबाराचा, मे महिन्यात, आणि विदर्भात तेव्हा पारा ४२ च्या वर असतो. सिमेंटला नक्षत्र कळत नाही, तापमान कळतं. पहाटे किंवा संध्याकाळी ओता. गृहप्रवेशाची तारीख गाठायची म्हणून टेके लवकर काढणं तर जिवाशी खेळणं आहे: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेके किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, सहा मीटरहून लांब बीमचे २१ दिवस. हे आकडे ओपीसीचे आहेत, पीपीसीला त्याहून जास्त थांबा. वास्तुदोष म्हणून बीम तोडायला सांगणाऱ्याला घरात पाऊलच ठेवू देऊ नका. आणि गोणीवर ५३ लिहिलंय म्हणून घर जास्त पक्कं होत नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक मसाल्याच्या ठोकळ्याची २८ दिवसांची ताकद सांगतो. तुमच्या मिक्सरमध्ये किती पाणी पडलं हे गोणीला ठाऊक नसतं. वॉटरप्रूफिंगच्या पावडरीलाही नसतं.

चौदा दिवसांनी पाणी बंद केलं तरी आत सगळं संपलेलं नसतं. मोठ्या कणांचा गाभा कोरडाच राहतो, जेलच्या कवचाआड. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९१० साली काँक्रीटचे नमुने घालून उघड्यावर ठेवले होते. ते पन्नास वर्षं ताकद मिळवत राहिले, कारण तेव्हाचं सिमेंट जाडंभरडं दळलेलं होतं. नव्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर केसासारखी भेग ओलावते, आणि काही दिवसांनी तिथे पांढरी रेघ उमटून ओल आपोआप थांबते. हे तुम्हीही पाहिलं असेल. भेगेतून आलेलं पाणी त्या उरलेल्या गाभ्यांपर्यंत पोचतं, थोडं नवं जेल वाढतं, सुटलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी होतो, आणि भेग भरून येते. ती पांढरी रेघ खरवडू नका.